पाण्यावरून पळायचं आहे

कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा. शिरोळ तालुक्याच्या नकाशावर कुठंही बोट ठेवा, जवळपास एखादी नदी सापडतेच. आमचा ऊस, आमची वांगी, आमची काळीभोर रानं हे सगळं या नद्यांचं देणं. २००५, २०१९ आणि २०२१ ही पुराची सालंही त्यांचीच. इथं वाढलेल्या माणसाला पाण्याची माया आणि पाण्याची धास्ती दोन्ही एकदमच लागतात. म्हणूनच असेल, पण लडाखमधल्या गोठलेल्या पँगाँग सरोवरावरून माणसं पळतायत हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर मागच्या डोंगरांकडं गेलीच नाही. मी त्यांच्या पायांखाली बघत राहिले. पाणीच होतं ते, आणि ते माणसांना पेलत होतं.

ती शर्यत २० फेब्रुवारी २०२३ ची. लुकुंगपासून मान गावापर्यंत २१ किलोमीटर, उंची १३,८६२ फूट, धावणारे ७५ जण आणि उणे तीसपर्यंत उतरणारा पारा. गोठलेल्या सरोवरावरची जगातली सर्वांत उंचावरची अर्धमॅरेथॉन म्हणून गिनीज बुकानं तिची नोंद घेतली. संयोजकांनी तिला ‘लास्ट रन’ असं नाव दिलं होतं, म्हणजे शेवटची धाव. हवा अशीच तापत राहिली तर पुढं पळायला इथं बर्फच उरणार नाही, हे त्यांना सांगायचं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली, माणसं होडीतून बाहेर काढली, जनावरं मिळेल त्या उंचवट्यावर नेऊन बांधली. हवामान बदलतंय म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. इकडं पाणी घरात शिरतंय आणि तिकडं बर्फ पातळ होतोय, या दोन गोष्टी माझ्या मनात त्या दिवशी एकत्र आल्या त्या आल्याच. तो बर्फ आहे तोवर त्याच्यावरून पळायचं, असं मी ठरवलं.

शिरोळात बसून बर्फाची तयारी करायची कशी? आमच्याकडं जानेवारीतही पारा बारा-तेराच्या खाली फारसा जात नाही. एखाद्या पहाटे दहाला टेकला की गावभर त्याचीच चर्चा. समुद्रसपाटीपासून आम्ही साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शीतगृहात जाऊन सराव करणारे धावपटू जगात आहेत. आमच्याकडं शीतगृहात द्राक्षं आणि बेदाणा असतो. तेव्हा जी काही थंडी आपल्या वाट्याला येते ती पुरती वापरायची, असं ठरवून मी ऐन थंडीत शिरोळहून खिद्रापूरला पळत जायचं ठरवलं. अर्ध्या मॅरेथॉनपेक्षा थोडं जास्तच अंतर, सगळा रस्ता नदीकाठाचा, आणि वाटेत थंडी ज्यांना खरोखर कळते अशी माणसं. धाकटा भाऊ गाडीवरून सोबत होता. त्याच्याकडं थर्मासमध्ये गरम पाणी, गूळ-शेंगदाणे आणि माझे कोरडे कपडे.

पहाटे निघालो तेव्हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचाच होता. हंगामात आमचे रस्ते रात्रीही झोपत नाहीत. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं लाल कापडाचा तुकडा, मध्येच एखादी बैलगाडी, बैलांच्या नाकातून निघणारी वाफ. दत्त साखर कारखान्याच्या गाळपाचा गोडसर-आंबूस वास धुक्यात अडकून राहिलेला. पळणाऱ्याला हा रस्ता सोपा नाही. सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून पाय सरकतो, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. मी बारीक पावलं टाकत होते, पाय शरीराच्या पुढं न फेकता अगदी खाली ठेवत. बर्फावर असंच पळायचं असतं. लांब ढांग टाकली की टाच आधी टेकते आणि टाच टेकली की माणूस घसरतो. बर्फावर पळणारे बुटांना खिळ्यांची साखळी लावतात, पण चालीची सवय साखळीनं येत नाही. ती मला उसाच्या कांड्यांनी लावली.

नृसिंहवाडीला पोचलो तेव्हा काकड आरती झाली होती. घाटावर धुकं इतकं दाट की समोरचा काठ दिसेना. कृष्णा आणि पंचगंगा इथं मिळतात. पावसाळ्यात हेच पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानाला लोक लांबून येतात. थंडीत नदी पार खाली उतरते, पायऱ्या एकेक करून उघड्या पडतात. मी बूट-मोजे काढून शेवटच्या ओल्या पायरीवर उभी राहिले आणि मग घोट्यापर्यंत पाण्यात. शेजारी एक आजी निवांत बुड्या मारत होत्या. मी पाय काढून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “पाण्यात गार न्हाई लागत बाई, भायेर आल्यावर लागतंय.”

आजींचं निम्मं बोलणं शास्त्राला धरूनच होतं. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. बाहेर आल्यावर वाऱ्यानं ते अंगावरून उडायला लागतं आणि जाताना आणखी उष्णता घेऊन जातं. गोठवणाऱ्या थंडीत पळणाऱ्याचा खरा शत्रू म्हणूनच हवा नव्हे, ओल. माणूस पळतो, तापतो, घामानं आतला कपडा भिजतो, आणि वेग जरा कमी झाला की तोच घाम त्याला गोठवायला लागतो. वाऱ्याचाही हिशेब वेगळा. उणे वीस अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे तेहतीससारखं लागतं, आणि अशा वाऱ्यात गाल किंवा नाक अर्ध्या तासाच्या आतच गोठू शकतं. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून तो तिथं चालत नाही. आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, मधे लोकरी किंवा फ्लीसचा, वर वारा अडवणारा. हे सगळं वाचून मला पाठ होतं. वाचलेलं अंगी कसं लागतं ते पुढं दिसलं.

पंचगंगेचा पूल ओलांडून कुरुंदवाडात शिरलो. पटवर्धनांचं हे जुनं संस्थान. काही मशिदींत गणपती बसवणारं गाव म्हणून ते महाराष्ट्राला माहीत आहे. चहाच्या टपऱ्या नुकत्या उघडत होत्या. एकानं भावाला विचारलं, “ही कुठं निघाली पळत?” भाऊ म्हणाला, “लडाखला.” टपरीवाला क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मग चहा घेऊनच जावा की.” चहा घेताना भिंतीवर कुणा चौगुल्यांच्या दुकानाची पाटी होती. ती पाहून मला शंभर वर्षांपूर्वीचे फडेप्पा चौगुले आठवले, आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर ते माझ्याबरोबरच होते.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावकडचे. आमच्याकडंही हे आडनाव गावोगाव. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचं असं त्यांनी मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला, त्यात मॅरेथॉनसाठी चौगुले आणि सदाशिव दातार होते. शर्यत झाली गार, पावसाळी हवेत आणि तीही नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. जिंकला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, बर्फाच्या मुलखातला. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. मातीच्या रस्त्यांवर, उन्हात वाढलेला हा माणूस बोटीतून परक्या खंडात उतरला, अंगावर गार पाऊस घेत पळाला आणि शर्यत पुरी केली. मला त्या एकोणिसाव्या क्रमांकाचं फार मोल वाटतं. आपल्याकडं मॅरेथॉन म्हटलं की मुंबईचं नाव निघतं, फार तर साताऱ्याच्या डोंगरातल्या शर्यतीचं. बेळगावच्या या माणसाचं नाव शाळेतल्या पोरांना माहीत नसतं. मी शिकवते त्या वर्गात ते आता माहीत आहे.

कुरुंदवाड सोडलं की रस्ता मोकळा होतो. उजाडत होतं. अकिवाटच्या अलीकडं रस्त्याला लागूनच तोड सुरू होती. बीडकडची टोळी. बाप्ये लोक कोयत्यानं ऊस पाडत होते, बाया वाढं छाटून मोळ्या बांधत होत्या. मी पाणी प्यायला तिथं थांबले. पस्तिशीची एक बाई, लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं. धुक्यानं पाचट ओलं झालेलं आणि उसाची धारदार पानं हाताला कापत होती. तिनं काम थांबवलं, शर्ट काढला, झटकला आणि बांधावर कोरड्या जागी घडी करून ठेवला. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढली. खाली आली, पुन्हा मोळी. थंडी चांगलीच होती, आणि मी अंगात दोन कपडे घालून उभी होते. मी विचारलं, “गार नाही वाटत?”

“मोळ्या उचलायच्या टायमाला काढूनच ठेवावा लागतो, ताई. घामानं वला झाला की मंग बसल्यावर हुडहुडी भरती. आता गार लागतंय ते लागू द्यायचं. न्याहारीला बसताना कोरडा अंगात घालायचा.”

ध्रुवावर पळायला जाणाऱ्यांना हेच शिकवतात. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम फुटणार. रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०५ उत्तर कॅनडात नेटसिलिक लोकांच्या शेजारी राहिला आणि त्यांच्याकडून सैल कातडी कपडे कसे घालायचे, घाम न येऊ देता काम कसं करायचं ते शिकला. १४ डिसेंबर १९११ ला तो दक्षिण ध्रुवावर पोचला, त्यात या शिकवणीचा मोठा वाटा होता. माझ्या तालुक्यात दर हिवाळ्यात हे ज्ञान शेकडो किलोमीटरवरून चालून येतं, कोपीत राहतं, मार्चमध्ये परत जातं. त्याच्याकडून काही शिकावं असं आम्हा बागायतदारांच्या मनात येत नाही. मी तिथंच वरचं जॅकेट काढून भावाकडं दिलं. पहिला किलोमीटर दात वाजले, दुसऱ्याला बरं वाटलं, आणि पाठ शेवटपर्यंत कोरडी राहिली.

सैनिक टाकळी मागं टाकली, थांबले नाही. परतताना थांबायचंच होतं. खिद्रापूरला पोचले तेव्हा ऊन आलं होतं. कोपेश्वर मंदिर मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण पळून तापलेल्या अंगानं त्या काळ्या दगडात शिरणं वेगळंच. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. पुढचा स्वर्गमंडप गोल, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि वर मधोमध छत उघडं, आभाळाला तेवढीच गोल खिडकी. तिच्या बरोबर खाली एक गोल अखंड शिळा. मी त्या शिळेवर हात ठेवला. रात्रभर उघड्या आभाळाखाली पडलेला दगड होता तो, बोटं लगेच बधिर व्हायला लागली. दोन हातांवरच्या, छपराखालच्या खांबाला हात लावला तर तो इतका गार नव्हता. निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता सरळ आभाळात निघून जाते, वर छप्पर असलं तर अडते. लडाखची रात्र एवढी जीवघेणी असण्याचं एक कारण हेच, की वर ढग नाहीत, ओलावा नाही, आणि हवेचा थरही विरळ. खिद्रापूरच्या एकाच मंडपात एक हात या दगडावर आणि एक त्या खांबावर ठेवून ते कळलं. भावानं तोवर कपडे आणले. मी आधी आतला कपडा बदलला, मग गरम पाणी प्यायले, मग बसले. क्रम असाच पाहिजे.

परतताना सैनिक टाकळीला थांबलो. इथं पिढ्यानपिढ्या घराघरांतून पोरं फौजेत जातात. शेतात भेटणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुठल्या पलटणीत होता असं सहज विचारावं, असं हे गाव. ओळखीचे एक निवृत्त सुभेदार तिथं राहतात. त्यांच्या नोकरीतला काही काळ सियाचीनला गेला. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हापासून त्या हिमनदीवर गोळीपेक्षा थंडीनं, हिमकड्यांनी आणि उंचीनं जास्त माणसं नेली आहेत. ओसरीवर बसवून काकूंनी तांबडा चहा दिला. सुभेदारकाकांनी माझे बूट हातात घेऊन पाहिले, आत बोट घालून पाहिलं.

“तंग हाईत. जाड मोजा घातलास की बोटं हलायची न्हाईत. बोटं हलली पायजेत. हलायची थांबली की रक्त थांबलं. एक नंबर मोठा घे.” मग म्हणाले, “उघडा हात लोखंडाला लावायचा न्हाई. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, बर्फ वरनं धरतो, बूच खाली असलं की उघडतंय. मोबाइल छातीशी ठेवायचा, न्हाईतर बॅटरी गप हुती.”

मी वहीत लिहून घेत होते. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं.

“हितं पांढरं पडतंय. मेणागत. आणि ज्याचं पडलंय त्याला कळत न्हाई, पोरी. आधी झोंबत असतंय, मग झोंबायचं थांबतंय. माणसाला वाटतंय बरं झालं. तिथंच घात. म्हणून जोडीदार लागतो. दर थोड्या वेळानं एकमेकाच्या तोंडाकडं बघायचं. पांढरं दिसलं की ऊबदार तळहात धरायचा नुसता. चोळायचं न्हाई, बर्फ तर अजिबात चोळायचा न्हाई. आगीजवळ न्यायचं न्हाई, कातडीला जाण नसती, भाजलेलं कळत न्हाई.”

मी त्यांना अंटार्क्टिकातल्या शर्यतीबद्दलही सांगितलं. युनियन ग्लेशियरवर, ऐंशी अंश दक्षिण अक्षांशावर, दरवर्षी पूर्ण मॅरेथॉन होते, चिलीच्या पुंता अरेनासहून विमानानं बर्फावर उतरायचं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिकडं जायचा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा, हे दोघांनाही माहीत होतं. ते म्हणाले, “आपल्या देशात कमी थंडी हाय व्हय? पण सरळ फेब्रुवारीत जाऊ नको. आधी सप्टेंबरात लेहला पळून ये. उंची अंगात मुरू दे. पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. डोकं दुखलं तर वर चढायचं न्हाई, दम लागून खोकला आला तर खाली उतरायचं, लाज धरायची न्हाई.”

लेहची ती शर्यत मला माहीत होती. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेह उद्ध्वस्त झालं, त्यानंतर माणसं पुन्हा उभी राहावीत, लडाखच्या पोरांना पळायला आपली एक शर्यत असावी, म्हणून चेवांग मोटुप यांनी २०१२ मध्ये लडाख मॅरेथॉन सुरू केली. पुरानंतर घरातला गाळ उपसलेल्या माणसाला त्या शर्यतीत पळायला आणखी काही कारण लागत नाही. मी वहीत सप्टेंबर लिहिलं, त्याखाली फेब्रुवारी. मोठ्या नंबरचे बूट. पातळ आतला मोजा, वर लोकरी. फुप्फुसांची आणि हृदयाची तपासणी. दोन्ही वेळा लेहला आधी जाऊन राहायचं.

सुभेदारकाका माझ्या भावाकडं वळले. तो ओसरीच्या कडेला चहाचा कप धरून बसला होता.

“आणि हिच्या नाकाकडं बघायला कोण जाणार हाय?”

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी काहीच बोलले नाही. तिथं गाडी चालत नाही, जोडीदाराला पळावंच लागतं, हे काकांनी त्याला समजावून सांगितलं आणि घरातून स्वतःचे जुने कॅनव्हासचे बूट आणून त्याच्या पायाजवळ ठेवले. ते त्याला बसले. टाकळीतून निघताना किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. अकिवाटपर्यंत गाडी मी हळूहळू चालवली, आरशात त्याच्याकडं बघत. दुसऱ्या किलोमीटरला त्यानं स्वेटर काढून कमरेला बांधला. तेव्हा मी हॉर्न वाजवून त्याला सांगितलं की तो पहिल्या किलोमीटरच्या आधीच काढायचा असतो.